सूर्याला तीन गोल : एका विद्यार्थ्याच्या वहीमागची गोष्ट

व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात ५२०३ क्रमांकाचं एक लॅटिन हस्तलिखित आहे. एका विद्यार्थ्याने स्वतःसाठी भरलेली ही वही. काही गणित, काही यंत्रांविषयी, काही कुणाकुणाच्या ग्रंथांतून उतरवून घेतलेलं, आणि मधेच शिक्षकाची व्याख्यानं. त्या व्याख्यानांची सुरुवात होते तीच अशी : ‘सोल हाबेत त्रेस ओर्बेस’. सूर्याला तीन गोल आहेत. एकमेकांपासून सगळीकडून वेगळे, आणि तरी एकमेकांना भिडलेले.

प्रस्तावना नाही, नमन नाही. थेट सूर्य.

शिक्षकाचं नाव गेओर्ग पोयरबाख, वय ३१. उतरवणाऱ्याचं नाव योहानेस म्युलर, वय १८. ही व्याख्यानं ३० ऑगस्ट १४५४ रोजी पूर्ण झाली, अशी नोंद मिळते. म्युलर हा जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या क्योनिग्सबेर्ग या लहानशा गावचा, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. गावाच्या नावाचा अर्थ राजाचा डोंगर. त्याचं पुढे लॅटिन झालं रेगिओमोंटानस, आणि जगाने त्याला त्याच नावाने ओळखलं. थोडी सूट घेऊन मराठीत म्हणायचं तर राजगडकर.

हा मुलगा अकराव्या वर्षी लाइपझिगच्या विद्यापीठात गेला, चौदाव्या वर्षी व्हिएन्नाला आला आणि १५ वर्षांचा असताना, १४५२ साली पदवीधर झाला. पुढची पदवी मात्र अडली, कारण २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती द्यायची नाही असा तिथला नियम. मधली वर्षं त्याने पोयरबाखच्या संगतीत काढली. आपल्या दृष्टीने हे बरंच झालं.

गंमत अशी की विद्यापीठात पोयरबाखच्या नावावर जी व्याख्यानं लागलेली सापडतात ती लॅटिन कवींवरची आहेत : व्हर्जिल, होरेस, जुव्हेनल. ग्रहांवरची ही व्याख्यानं त्याने दिली ती सेंट स्टीफन चर्चजवळच्या नगरशाळेत. ही शाळा विद्यापीठाच्या अगदी अंगाला लागून होती आणि शिक्षक, विद्यार्थी इकडून तिकडे जात-येत असत. पोटापाण्यासाठी तो दरबारी ज्योतिषी होता. काव्य, पंचांग आणि पत्रिका हे तिन्ही धंदे एकाच माणसाने करणं तेव्हा कुणाला विचित्र वाटत नसे.

आता वर्गात नेमकं काय चाले ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय ही वही कळणार नाही.

मध्ययुगीन विद्यापीठात ‘लेक्तिओ’ म्हणजे वाचन. शिक्षक समोर पोथी ठेवून वाचणार, वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगणार. पोथ्या महाग, त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांकडे मूळ ग्रंथ नसे. साहजिकच मुलांना वाटे की गुरुजींनी सावकाश सांगावं, म्हणजे सगळं उतरवून घेता येईल. गुरुजींच्या वरच्या मंडळींना हे पसंत नव्हतं. पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने डिसेंबर १३५५ मध्ये ठराव करून मजकूर सांगून उतरवून देण्यावर बंदीच घातली. समोर कुणी लिहितच नाहीये अशा वेगाने शिक्षकाने बोलावं, असा तो हुकूम. जे विद्यार्थी याला विरोध म्हणून आरडाओरड करतील, शीळ घालतील, स्वतः किंवा नोकरांकरवी दगड मारतील, त्यांना वर्षभर बाहेर काढायचं. ठरावात दगडांचा उल्लेख करावा लागला, यावरून वर्गातलं वातावरण समजून घ्यावं. शंभर वर्षांनी, १४५२ मध्ये, पॅरिसने माघार घेतली आणि वेग शिक्षकाच्या मर्जीवर सोडला. पोरं जिंकली.

वेगाशी सामना करायचं त्यांचं हत्यार म्हणजे संक्षेप. अक्षरावर एक आडवी रेघ मारली की तिथे म किंवा न समजायचा. ‘पी’च्या पायाला छेद दिला की झालं ‘पेर’. शब्दाच्या शेवटचा ‘उस’ म्हणजे नऊच्या आकड्यासारखं एक वेटोळं. ज्यांनी मोडी कागद चाळले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे ‘मौजे’ नि ‘परगणे’ एका अक्षरात आणि दोन दांड्यांत आटपत असत. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा जातो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे वरच्या वर्गातल्या कुणा हुशार मुलीच्या नोट्सची प्रत कायम तयार असायची. तिचे संक्षेप तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सपर्यंत पोचताना काय व्हायचे ते आठवलं, की मध्ययुगातल्या नकलांत चुका कशा शिरल्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

खगोलाचा अभ्यासक्रम ठरलेला होता. पहिलं पुस्तक साक्रोबोस्कोचं ‘स्फेरा’, साधारण १२३० च्या सुमाराचं. चार छोटे अध्याय : पृथ्वी गोल आहे, ती मध्यभागी आहे, आकाशात कोणती वर्तुळं कल्पायची, राशी कधी उगवतात, दिवस लहान-मोठा का होतो. (पृथ्वी सपाट आहे असं त्या काळी विद्यापीठांत शिकवत, ही समजूत या एका पुस्तकाने निकालात निघते.) ग्रहांसाठी मात्र शेवटच्या अध्यायात जेमतेम काही ओळी. म्हणून त्यावर दुसरं पुस्तक लावत, ‘थिओरिका’, ग्रहांची उपपत्ती. तेही तेराव्या शतकातलं, लेखकाचा पत्ता नीट नाही, मुळातच चुका, आणि दोनशे वर्षांच्या नकलांनी आणखी बिघडलेलं. रेगिओमोंटानसचा या जुन्या पुस्तकावर इतका राग होता की पुढे त्याने त्याच्या चुका दाखवणारा एक संवादच लिहिला. संवादात दोघे बोलतात : एक व्हिएन्नाकर आणि एक क्राकुफकर.

पोयरबाखने १४५४ च्या उन्हाळ्यात जे केलं ते या जुन्या पुस्तकाला पर्याय देण्याचं काम. म्हणूनच त्याच्या व्याख्यानांचं नाव ‘नवी थिओरिका’.

नवं काय होतं? त्यासाठी सूर्याचे ते तीन गोल जरा जवळून पाहू. वसंतसंपातापासून (वसंतात दिवस-रात्र सारखी होते तिथपासून) दक्षिणायनाच्या सुरुवातीपर्यंत प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या मोजणीने साडेचौऱ्याण्णव दिवस लागतात, तिथून शरदसंपातापर्यंत साडेब्याण्णव. म्हणजे सूर्य एकसारख्या वेगाने जाताना दिसत नाही. टॉलेमीचं उत्तर : सूर्याचं वर्तुळ पृथ्वीभोवतीच आहे, पण त्याचा मध्य पृथ्वीपासून थोडा सरकलेला. भास्कराचार्यांच्या परंपरेत यालाच प्रतिवृत्त म्हणतात. हिशेब चोख जमतो. पण शेजारच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकवणारे गुरुजी सांगत असत की आकाशात कागदी वर्तुळं नसतात, तिथे खरेखुरे गोल आहेत, आणि सगळ्यांचा मध्य एकच, पृथ्वी. एकाच मुलाने सकाळी एक ऐकायचं आणि दुपारी दुसरं.

यावरची तोड समजायला घरातली परात घ्या. तिच्यात एक बांगडी ठेवा, बरोबर मध्यावर नाही, एका अंगाला बोटभर सरकवून. आता बांगडीच्या बाहेरची रिकामी जागा परातीच्या काठापर्यंत कणकेने भरा. बांगडीच्या आत, परातीच्या मध्याभोवती एक गोल जागा मोकळी सोडून बाकीचंही भरा. बाहेरची कणीक एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. आतली तिच्या उलट. परातीचा काठ आणि आतली मोकळी जागा, दोन्हींचा मध्य परातीचाच, म्हणून ॲरिस्टॉटल खूश. बांगडीचा मध्य वेगळा, म्हणून टॉलेमी खूश. सूर्य बांगडीत बसून फिरतो. हे तीन गोल. पुढे छापलेल्या आवृत्त्यांतल्या आकृत्यांत त्या दोन असमान जाडीच्या कड्या काळ्या भरलेल्या दिसतात आणि मधला मार्ग पांढरा.

ही युक्ती पोयरबाखची स्वतःची नव्हे. अकराव्या शतकातल्या इब्न अल-हैथमच्या अरबी ग्रंथापर्यंत तिचा माग जातो, आणि तो ग्रंथ लॅटिनमध्ये तेराव्या शतकातच आला होता. पोयरबाखने केलं ते असं की प्रत्येक ग्रहासाठी ही रचना एकामागून एक, स्वच्छ, गणिताच्या ओझ्याशिवाय मांडली. मुलांना डोळ्यांसमोर दिसेल अशी. पाठ्यपुस्तक म्हणून हीच त्याची थोरवी.

पण त्या वहीत एक वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळं मोल त्या वाक्याचं आहे. पोयरबाख सांगतो की सहाही ग्रहांच्या (म्हणजे चंद्र धरून) गतींत सूर्याशी काहीतरी साम्य आहे. सूर्याची गती ही जणू त्यांच्या गतींचा सामाईक आरसा आणि मोजपट्टी आहे.

हे खरंच आहे, आणि आकडे पाहणाऱ्या कुणालाही ते दिसत होतं. टॉलेमीच्या मांडणीत ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या छोट्या वर्तुळाचा मध्य मोठ्या वर्तुळावर. बुध आणि शुक्र यांच्या मोठ्या वर्तुळाचा फेरा सूर्याबरोबरच पुरा होतो. मंगळ, गुरू, शनी यांचं तसं नाही, पण त्यांचं छोटं वर्तुळ सूर्याच्या तालावर फिरतं : मंगळ वक्री होतो तो सूर्याच्या बरोबर समोर आला की. प्रत्येक ग्रहाची घडण वेगळी, गोल वेगळे, मग सगळ्यांना सूर्याचा हिशेब का ठेवावा लागतो? पोयरबाख हा प्रश्न विचारत नाही. तो निरीक्षण सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मुलगा ते उतरवून घेतो आणि तोही वळतो. त्यांना ‘कळलं नाही’ असं आज म्हणणं सोपं आहे, पण ते उगाच शहाणपण होईल. आरसा नि मोजपट्टी ही त्यांच्या लेखी पुरेशी सुंदर गोष्ट होती. पण प्रश्न वहीत जाऊन बसला.

गुरुशिष्य नुसते वर्गात बसून राहिले नाहीत. ३ सप्टेंबर १४५७ च्या चंद्रग्रहणाला दोघांनी ऑस्ट्रियातल्या मेल्कला वेध घेतला, तर सूर्य-चंद्र-ग्रहांच्या जागा काढायला त्या काळी प्रमाण मानलेल्या आल्फोन्साच्या कोष्टकांशी आठ मिनिटांचा फरक पडला. १४६० मध्ये कार्डिनल बेसारिओन व्हिएन्नाला आला आणि त्याने टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या मूळ खगोलग्रंथाचा सार लिहायचं काम पोयरबाखवर सोपवलं. तेरापैकी सहा भाग झाले, आणि ८ एप्रिल १४६१ रोजी पोयरबाख गेला. वय अवघं ३७. उरलेले भाग शिष्याने पुरे केले. या सारात एका ठिकाणी म्हटलंय की टॉलेमीचं चंद्राचं गणित खरं मानलं तर चंद्र कधीकधी नेहमीच्या दुप्पट रुंद दिसायला हवा. तसा तो कुणी पाहिलेला नाही.

मग १४७१ मध्ये रेगिओमोंटानस न्युरेंबर्गला स्थायिक झाला. इथे त्याने स्वतःचा छापखाना काढला, खास गणित आणि खगोलाच्या पुस्तकांसाठी, कारण आकृत्या नि आकडे इतर छापखानेवाले नासवतात अशी त्याची खात्री होती. त्या छापखान्यातून १४७२ च्या सुमारास पहिलं बाहेर पडलं ते स्वतःचं काही नाही, तर गुरूची ‘नवी थिओरिका’. अठराव्या वर्षी उतरवलेली वही पस्तिशी ओलांडल्यावर छापून आली. चार वर्षांत, १४७६ च्या जुलैमध्ये, तो रोममध्ये वारला. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं मात्र हे पुस्तक युरोपभर छापलं जात राहिलं. आवृत्त्यांची संख्या पन्नासच्या वर जाते.

छापील पुस्तक हातात आल्यावर वह्या बंद झाल्या असतील असं वाटेल. झालं उलटंच. जर्मनीतले छापखाने विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मुद्दाम विरळ ओळींनी छापू लागले, म्हणजे दोन ओळींमध्ये अर्थ आणि समासात गुरुजींचं स्पष्टीकरण लिहिता येईल. छापलेल्या पानांमध्ये कोरी पानं बांधून घेण्याचीही पद्धत होती. अशी पुस्तकं आज अभ्यासकांना कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त हवीशी वाटतात.

पोलंडमधल्या क्राकुफ विद्यापीठात शिकवणाऱ्या व्होइचेख ब्रुद्झेवो याने १४८२ मध्ये ‘नवी थिओरिका’वर भाष्य लिहिलं. ते १४९५ मध्ये मिलानला छापलं गेलं. १४९१ मध्ये मिकोवाय कोपर्निक (लॅटिनमध्ये कोपर्निकस) नावाचा मुलगा त्याच विद्यापीठात दाखल झाला. तोवर ब्रुद्झेवो ॲरिस्टॉटल शिकवायला लागला होता, पण ग्रहांचे वर्ग त्याच्या शिष्यांच्या हाती चालू होते. कोपर्निकसने तिथे दोन छापील पुस्तकं घेतली, आल्फोन्साची कोष्टकं आणि रेगिओमोंटानसची कोष्टकं, आणि दोन्ही एकत्र बांधून घेताना शेवटी सोळा कोरी पानं घालून घेतली. विद्यार्थ्याची सवयच ती. पुढे इटलीत, मग मायदेशी, वर्षानुवर्षं तो त्या पानांवर नोंदी करत राहिला. त्यातल्या एका पानावर ग्रहांच्या वर्तुळांचे आकडे एका नव्या मापात बदलून घेतलेले आहेत. इतिहासकार त्या आकड्यांत पहिल्यांदा दिसलेली सूर्यकेंद्री मांडणी वाचतात : छोट्या वर्तुळांतला तो सूर्याचा ताल म्हणजे आपल्याच पृथ्वीची चाल आहे, हे ध्यानात आलं की आरसा आणि मोजपट्टी दोन्हींचा उलगडा होतो. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात स्वीडिश सैन्याने पोलंडमधून जी लूट नेली तिच्यात हे पुस्तकही गेलं. आज ते स्वीडनमधल्या उप्सालाला आहे.

विटेनबर्गचा प्राध्यापक एरास्मुस राइनहोल्ट याने १५४२ मध्ये पोयरबाखवर आपलं भाष्य काढलं. त्यात त्याने एका नव्या, अत्यंत कुशल खगोलज्ञाकडून मोठ्या अपेक्षा असल्याचं सूचित केलंय. वर्षभरात त्या खगोलज्ञाचा, म्हणजे कोपर्निकसचा, ग्रंथ आला. राइनहोल्टने आपल्या प्रतीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवलं की आकाशातली गती एकसारखी नि वर्तुळाकार असते, किंवा तशा गतींची मिळून बनलेली असते. म्हणजे सूर्य मध्ये आला याचं त्याला फारसं अप्रूप नाही. वर्तुळं शुद्ध झाली याचं आहे. तो अखेर पोयरबाखच्याच वर्गातला.

दरम्यान जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाने, विद्यालयं काढली आणि सांगून उतरवून देणं हीच तिथली रीत झाली. रोमच्या त्यांच्या विद्यालयात क्रिस्टोफर क्लाव्हियस गणित शिकवत असे. तो स्वतः पोर्तुगालच्या कोइंब्राला शिकलेला. १५६० चं खग्रास सूर्यग्रहण त्याने तिथूनच पाहिलं होतं. साक्रोबोस्कोच्या ‘स्फेरा’वरचं त्याचं भाष्य १५७० मध्ये निघालं आणि आवृत्तीगणिक जाड होत गेलं. इथे आपल्या किनाऱ्याचा एक खरा धागा आहे. क्लाव्हियसचा विद्यार्थी मातेओ रिची १५७८ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. गोव्यात त्याने लॅटिन आणि ग्रीक शिकवलं, कोचीनला त्याला पाद्रीपद मिळालं, आणि १५८२ मध्ये तो पुढे निघाला. क्लाव्हियसकडे शिकलेलं खगोल त्याने नंतर चीनमध्ये चिनी भाषेत आणलं. त्याच्या मागोमाग १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात आले ते फादर थॉमस स्टीफन्स, आपले ‘क्रिस्तपुराण’वाले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की पूर्व-पश्चिम प्रवास अवघड, कारण ज्यावरून दिशा धरावी असा स्थिर बिंदू आकाशात कुठेच नाही. ‘स्फेरा’चा पहिला धडा आणि सहा महिन्यांहून जास्त लांबलेला समुद्रप्रवास, दोन्ही त्या एका तक्रारीत आले.

शेवटची वही फ्लॉरेन्सची. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या गॅलिलिओच्या कागदांत ४६ क्रमांकाचं हस्तलिखित त्याच्या स्वतःच्या अक्षरात, लॅटिनमध्ये आहे. विषय : विश्वाची उत्पत्ती, आकाश एक की अनेक, गोलांचा क्रम, आकाश नाशवंत की अविनाशी. क्रमाच्या प्रश्नात सूर्य मध्ये मानणाऱ्या ॲरिस्टार्कसचं नि कोपर्निकसचं मत सांगून खोडलेलं आहे. होय, गॅलिलिओच्या हाताने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओचं समग्र लेखन संपादित करणारा आंतोनिओ फाव्हारो याने या वहीला ‘तारुण्यातलं लेखन’ असं नाव दिलं. काळ ठरवायला वहीतलीच एक बेरीज वापरली. जगाच्या वयाचा हिशेब करताना तिथे म्हटलंय की ख्रिस्तजन्मापासून जेरुसलेमच्या विध्वंसापर्यंत ७४ वर्षं आणि तिथपासून आजवर १५१०. बेरीज १५८४. तेव्हा गॅलिलिओ पिसाला वैद्यकाचा विद्यार्थी होता; म्हणजे ही वर्गातली टिपणं, प्रश्न मिटला. विसाव्या शतकात विल्यम वॉलेस आणि इतर अभ्यासकांनी रोममधल्या जेझुइट प्राध्यापकांच्या व्याख्यानांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, आणि मजकूर जुळत गेला. आकाशाच्या गोलांचा भाग तर क्लाव्हियसच्या ‘स्फेरा’वरून घेतलेला निघाला. वॉलेसने काळही पुढे, १५९० च्या आसपास नेला. म्हणजे हे उतरवताना गॅलिलिओ विद्यार्थी नव्हता. १५८९ पासून तो पिसाला शिकवत होता. नव्या मास्तरने उद्याच्या तासासाठी दुसऱ्या गावच्या चांगल्या नोट्स मिळवल्या आणि उतरवून काढल्या, असं माझ्या डोळ्यांसमोर येतं. तसं असेल तर ७४ अधिक १५१० ही बेरीज आजची तारीख नव्हतीच, तीही कुणाचीतरी उतरवलेली.

त्याच हस्तलिखितात, आकाशाची पानं संपल्यावर, पुढे काही विखुरलेली टिपणं आहेत. पडणाऱ्या वस्तूंच्या गतीविषयीची, तुटक, अर्धवट, आणि त्याची स्वतःची.